मंदीच्या ठरावात न येणारा विषय: लघुउद्योजक संघटनांना खुलं पत्र

लघुउद्योजक संघटनांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी उद्योजक नाही. निर्यातीची कागदपत्रं तयार करणं हा माझा धंदा. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उगम प्रमाणपत्र, विम्याचा कागद, बँकेत द्यायचा संच. छोट्या कारखान्याचा माल गेटबाहेर पडल्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत जी ओढाताण चालते, तिच्यात मी बरीच वर्षं आहे. त्यामुळे तुमच्या बैठकांना मला अधूनमधून बोलावणं येतं, बहुतेक वेळा शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी, सगळे घड्याळाकडे बघू लागल्यावर.

मंदी आली की त्या बैठकांमधले ठराव मला आधीच पाठ असतात. कर्जाच्या हप्त्यांना मुदतवाढ द्या. कर भरण्याची तारीख पुढे ढकला. बाहेरून येणारा स्वस्त माल अडवा. या मागण्यांना माझा विरोध नाही. हप्ता थकलेल्या माणसाला मुदतवाढ हवीच. पण तिन्हींच्या पोटात एकच गृहीतक आहे: गिऱ्हाईक इथलंच, आणि ते परत येईपर्यंत तग धरायचा. चाळीस सभासदांतले तीस जण एकाच मोठ्या खरेदीदाराला माल देणारे, म्हणजे एकाच विहिरीत तीस पोहरे. पाणी आटलं की पोहरा बदलून काय होणार?

निर्यात हा विषय त्या ठरावात यावा, म्हणून हे पत्र. आणि तो ‘सरकारने निर्यातीला उत्तेजन द्यावे’ अशा गुळगुळीत वाक्यात नव्हे, तर संघटनेने स्वतः करायचं काम म्हणून यावा.

आधी स्पेनची गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या म्हणण्याला बळ देते आणि त्याची मर्यादाही दाखवते. २००८ नंतर स्पेनमधला बांधकामाचा फुगा फुटला आणि देशातली मागणी कोसळली. २०१३ मध्ये तिथली बेरोजगारी २६ टक्क्यांच्या वर होती. त्याच काळात स्पेनची मालाची निर्यात २००९ मधल्या सुमारे १६० अब्ज युरोंवरून २०१३ मध्ये सुमारे २३५ अब्ज युरोंवर गेली. चलन युरो असल्यामुळे एकट्या स्पेनला ते घसरवून माल स्वस्त करण्याची सोय नव्हती. मग हे झालं कसं? अल्मुनिया, अंत्रास, लोपेझ-रॉद्रिगेझ आणि मोरालेस या अर्थतज्ज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांचा निबंध २०२१ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. कुठल्या भागात मागणी किती आटली हे मोजायला त्यांनी तिथल्या दरडोई वाहनांच्या संख्येचा आधार घेतला. निष्कर्ष असा, की ज्या कारखान्यांची देशातली विक्री जास्त पडली, त्यांची निर्यात जास्त वाढली. मजुरीसारख्या खर्चांतला फरक वेगळा काढल्यावरही हे नातं टिकलं. रिकामी झालेली यंत्रं आणि मोकळे झालेले हात बाहेरच्या ऑर्डरींकडे वळले.

यातली एक बाजू सभांमध्ये कुणी सांगत नाही. त्या अभ्यासाचा मुख्य भर आधीपासून निर्यात करणाऱ्या कारखान्यांवर होता. त्यांचं बाहेरचं गिऱ्हाईक तयार होतं. भाषेचा, कागदांचा, बँकेचा पहिला घाट ते आधीच चढलेले होते. घरची विक्री पडल्यावर त्यांनी जुन्याच खरेदीदाराला ‘अजून माल हवा का’ असं विचारलं. ज्याने आयुष्यात एकही खोकं बाहेर धाडलेलं नाही, त्याला मंदीच्या पहिल्याच तिमाहीत हे जमत नाही. चौकशी, नमुना, चाचणी, पहिली छोटी ऑर्डर, मग दुसरी, यांत सहज वर्ष निघून जातं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेणं म्हणतात ते हेच. म्हणून निर्यातीचं काम मंदी येण्याआधी सुरू व्हायला हवं, आणि जो आज उशिरा सुरू करतोय त्याने फळ या मंदीत मिळेल अशी आशा बेतानेच धरावी.

दुसरी मर्यादा म्हणजे मंदी कुणाची आहे. एकाच देशाचा किंवा एकाच धंद्याचा बाजार बसला असेल, तर बाहेरचा बाजार आधार देतो. सगळं जग एकदम बसलं की तोही बसतो, आणि जास्त जोरात बसतो. २००९ मध्ये जागतिक व्यापाराचं आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी घटलं. जगाचं उत्पादन त्यामानाने फारच कमी घटलं होतं. त्या वेळी मागणीबरोबर व्यापाराचा वित्तपुरवठाही आखडला. एप्रिल २००९ मध्ये लंडनच्या परिषदेत जी-२० देशांना व्यापारासाठी दोन वर्षांत किमान २५० अब्ज डॉलरचं पाठबळ जाहीर करावं लागलं, यावरून बँकांनी हात किती आखडता घेतला होता ते समजेल. निर्यात म्हणजे प्रत्येक पावसात चालणारी छत्री असं तुमच्या व्यासपीठावरून कुणी सांगू लागला, तर त्याला २००९ बद्दल विचारा.

‘चलन घसरलं की निर्यातदारांची चांदी’ हे वाक्यही तितकंच अर्धवट. दक्षिण कोरियाचं वोन १९९७च्या संकटात कोसळलं. १९९८ मध्ये त्यांनी माल जास्त पाठवला, तरी निर्यातीची डॉलरमधली किंमत १९९७ पेक्षा थोडी कमीच भरली. शेजाऱ्यांची चलनंही घसरली होती आणि सगळेच भाव पाडत होते. ज्याचा कच्चा माल आयातीचा, त्याला तर घसरलेलं चलन एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतं.

आता कॉस्टिंगकडे येतो. सभासदांशी माझे वाद इथेच होतात, त्यामुळे जरा सविस्तर.

समजा एका नगाची देशातली किंमत १०० आहे. त्यात माल आणि थेट मजुरी ६०, भाडं, पगार, व्याज, घसारा असे कायमचे खर्च २५, नफा १५. मंदीत यंत्र निम्मा वेळ बंद आहे. बाहेरचा खरेदीदार ८० देतो. बहुतेक मालक लगेच मान हलवतात: ८५ खर्चाचा माल ८० ला कसा देऊ? पण ते २५ यंत्र बंद असलं तरी जाणारच आहेत. ८० मधून थेट खर्चाचे ६० वजा केले तर २० उरतात, आणि ते भाड्याच्या आणि पगाराच्या कामाला येतात. कामगाराला घरी बसवावं लागत नाही. मंदी सरल्यावर नवा माणूस शोधून त्याला शिकवण्याचा खर्च वाचतो, तो तर या हिशेबात धरलेलाच नाही.

इथपर्यंत ऐकून काही जण खूश होतात आणि ७० ला सुद्धा माल द्यायला निघतात. त्यांना मी तीन गोष्टींवर अडवतो. एक, निर्यातीच्या नगाचा थेट खर्च ६० राहत नाही. जास्त मजबूत खोकं, बंदरापर्यंतची वाहतूक, फॉरवर्डरचं, म्हणजे माल जहाजावर चढवण्याची सोय लावणाऱ्याचं बिल, बँकेचे आकार, विमा, फुकट गेलेले नमुने हे सगळं त्यात चढतं. लाकडी पॅलेट किंवा पेटी वापरायची तर बहुतेक देशांत आयएसपीएम १५ या मानकाप्रमाणे प्रक्रिया केलेलं लाकूडच चालतं. उष्णतेची पद्धत निवडली तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे आणि त्यावर ठरलेली खूण हवी. ही खूण नसली तर आतला माल कितीही चांगला असो, पलीकडच्या बंदरात अडतो. दोन, देशातल्या भावापेक्षा कमी भावाने निर्यात करणं याला व्यापाराच्या नियमांत डम्पिंग म्हणतात. आयात करणाऱ्या देशातल्या उद्योगाला त्यामुळे इजा झाल्याचं सिद्ध झालं तर जादा शुल्क बसू शकतं. दोन भावांतला फरक निर्यात किमतीच्या २ टक्क्यांहून कमी असेल, किंवा एका देशातून येणारा माल आयातदार देशाच्या त्याच मालाच्या एकूण आयातीच्या ३ टक्क्यांहून कमी असेल, तर सहसा प्रकरण पुढे जात नाही. एकट्या छोट्या कारखान्याच्या वाट्याला हे क्वचित येतं, पण एका धंद्यातल्या सगळ्यांनी मिळून तोच उद्योग केला तर येऊ शकतं. तीन, रिकाम्या यंत्राचा हिशेब यंत्र रिकामं असेपर्यंतच खरा. देशातली मागणी परतली की ८० चा भाव गळ्यात अडकतो. म्हणून पहिल्याच कोटेशनवर भावाची मुदत लिहा. किती सोपी गोष्ट, आणि किती जण विसरतात!

पैशाचा प्रश्न भावापेक्षा जास्त जाचतो. देशात दोन महिन्यांच्या उधारीवर कुरकुर करणारा माणूस निर्यातीत उतरला की माल बनवायचे दिवस, जहाजाचे दिवस आणि त्यावर खरेदीदाराची उधारी अशी बेरीज करू लागतो आणि खेळतं भांडवल पाच-पाच महिने अडकतं. मंदीत नेमकं तेच जवळ नसतं. एलसी, म्हणजे ठरलेले कागद बरोबर दिले तर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी, असली की पैसे पक्के, असा एक गोड समज आहे. एलसीवर बँक माल बघत नाही, कागद बघते. एलसीसाठीच्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे तपासणीला तिला जास्तीत जास्त पाच बँक दिवस मिळतात, आणि कागदांत विसंगती आढळली तर पैसे थांबवण्याचा तिला हक्क आहे. एका छोट्या कारखान्याचा असाच संच मी स्वतः केला होता. एलसीत मालाचं वर्णन एका तऱ्हेने होतं, इनव्हॉइसवर कारखान्याने नेहमीच्या सवयीने आपलं मॉडेलचं नाव टाकलं आणि ते माझ्या नजरेतून निसटलं. माल चांगला, वेळेवर पोचलेला. तरी खरेदीदाराने विसंगती मान्य करायला तीन आठवडे लावले आणि तेवढ्या वेळात सूट मागून घेतली. चूक माझी होती. भुर्दंड त्या मालकाने भरला, आणि पुन्हा निर्यातीचं नाव काढलं नाही.

हे आठवलं की वाटतं, त्या मालकाच्या बाजूला त्याच्या संघटनेचा कुणी जाणता माणूस असता तर निदान मसुदा आला तेव्हाच त्याने एलसीचं वर्णन बदलून मागितलं असतं. छोट्या कारखान्याला निर्यात परवडत नाही याचं कारण माल महाग आहे हे क्वचितच असतं. निर्यात सुरू करण्याचा खर्च एक खोकं पाठवा की हजार, जवळपास तेवढाच असतो. नियम समजून घेणं, चाचणी, प्रमाणपत्र, पहिला प्रवास, पहिली चूक. मोठी कंपनी तो हजार खोक्यांवर पसरते, छोटा माणूस वीस खोक्यांवर कसा पसरणार? तो चाळीस सभासदांवर पसरणं हे तुमच्या हातात आहे.

इटलीतल्या छोट्या कारखानदारांनी हे निर्यात संघांच्या रूपाने केलं. १९८९ मध्ये तिथे अशा संघांसाठी कायदा झाला आणि २००९ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, स्वतंत्र कंपन्यांनी करार करून जाळं उभारण्याची कायदेशीर सोय आली. एकत्र येऊन भाव ठरवले तर स्पर्धा कायद्यात अडकू, ही भीती काही पदाधिकारी बोलून दाखवतात. ती अगदी निराधार नाही, तुमच्या देशाचा कायदा बघूनच पाऊल टाका. पण स्पर्धेच्या बाबतीत कडक समजल्या जाणाऱ्या अमेरिकेनेही १९१८ च्या वेब-पोमरीन कायद्याने फक्त निर्यातीसाठी एकत्र येणाऱ्यांना सवलत दिली होती.

खरी अडचण कायद्यात नाही, सभासदांच्या मनात आहे. ‘माझं गिऱ्हाईक शेजारी पळवील’ ही भीती. ती मी खोटी म्हणणार नाही, पळवापळवी होते. म्हणून ज्यांचा माल एकमेकांना पूरक आहे अशांपासून सुरुवात करा: एकाचं हँडल, दुसऱ्याचं कुलूप, तिसऱ्याची बिजागरी. खरेदीदारालाही तिन्ही एका कंटेनरमध्ये हवीच असतात. एकाच मालाचे दोन उत्पादक असतील तर चौकशी कुणाकडे आधी जाईल याचा नियम पहिली चौकशी येण्याआधी लिहून ठेवा, नंतर कुणी ऐकत नाही.

आणि एक माणूस नेमा. समिती नको. समितीला परदेशी खरेदीदाराच्या पत्राचं उत्तर त्याच दिवशी देता येत नाही. या माणसाकडे प्रत्येक सभासदाच्या मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये मालाचा वर्ग सांगणारा क्रमांक, हवा. त्याचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे अंक देशागणिक बदलतात, आणि शुल्क किती पडणार हे त्यांच्यावर ठरतं. कोडबद्दल शंका असेल तर जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराने एक चांगली सोय केली आहे. २०१७ पासून अमलात असलेल्या या करारानुसार आयातदार देशाच्या कस्टम्सकडून वर्गीकरणाबद्दल आगाऊ लेखी निर्णय मागता येतो. माल बंदरात अडकल्यावर भांडण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. तसंच तांत्रिक नियम आणि मानकांची माहिती देण्यासाठी प्रत्येक सदस्य देशाला चौकशी केंद्र ठेवावं लागतं. तिथे पत्र लिहायला दलाल लागत नाही, तरी दलालाला पैसे मोजून तीच माहिती घेणारे मी पाहिले आहेत.

याच कराराखाली प्रत्येक सदस्य देशात व्यापार सुलभीकरणाची राष्ट्रीय समिती असणं बंधनकारक आहे. तुमच्या देशातल्या समितीवर छोट्या उद्योगांच्या बाजूने कोण बसतं, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ठरावात मागणी घालायचीच असेल तर ही घाला, आणि जोडीला निर्यातीवरच्या अप्रत्यक्ष कराचा परतावा ठरल्या मुदतीत मिळावा ही घाला. कर भरायची तारीख पुढे ढकलण्यापेक्षा अडकलेला परतावा मोकळा होणं निर्यात करणाऱ्या सभासदाला जास्त उपयोगी पडेल.

वसुलीच्या विम्याबद्दलही, म्हणजे परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणाऱ्या विम्याबद्दलही बोला. सरकारी निर्यात पतहमीची कल्पना जन्मली तीच अडचणीच्या काळात. पहिल्या महायुद्धानंतर विस्कटलेला व्यापार पुन्हा चालू व्हावा म्हणून ब्रिटनने १९१९ मध्ये त्यासाठी जगातलं पहिलं सरकारी खातं उघडलं. आज बहुतेक व्यापारी देशांत अशी संस्था आहे. विमा पूर्ण रकमेचा नसतो, काही टक्के जोखीम निर्यातदाराकडेच ठेवतात, आणि मालात दोष आहे असा वाद निघाला तर वाद मिटेपर्यंत दावा सहसा लटकतो. तरीही ज्या खरेदीदारासाठी विमा संस्था उधारीची मर्यादा द्यायला नकार देते, त्याच्याशी उधारीचा व्यवहार करू नये एवढी अक्कल त्या नकारातून फुकट मिळते.

प्रदर्शनांबद्दल मी फार लिहीत नाही. स्टॉल घेऊन, फोटो काढून परत येणारी शिष्टमंडळं पुष्कळ झाली. सेवा विकणाऱ्यांना, म्हणजे आरेखन, सॉफ्टवेअर, लेखा, भाषांतर करणाऱ्यांना, कंटेनर आणि लाकडी पेटीची कटकट नाही. त्यांना तुमच्या संघटनांत जागाच नसते, हा वेगळ्या पत्राचा विषय.

प्रत्येक सभासदाला निर्यातीत ढकलायचं नाही, हेही सांगायला हवं. ज्याची देशातली डिलिव्हरी वेळेवर जात नाही, ज्याच्या मालाची प्रत लॉटगणिक बदलते, ज्याची उधारी आधीच अंगावर आली आहे, त्याच्यासाठी ही वाट म्हणजे ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’. त्याला आधी घर सावरू द्या. माझ्या अनुभवात चाळिसांतले सात-आठ जण तयार असतात आणि त्यांना स्वतःला ते माहीत नसतं.

ते ओळखायचा एक साधा मार्ग आहे. पुढच्या बैठकीत मला शेवटची पंधरा मिनिटं देण्याऐवजी पहिली पाच द्या. मी सभासदांना एवढंच विचारीन, की गेल्या दोन वर्षांत बाहेरच्या देशातून आलेली किती चौकशीची पत्रं तुमच्या इनबॉक्समध्ये उत्तराविना पडून आहेत. त्या पत्रांच्या तारखा, माल आणि मागितलेली संख्या एका कागदावर उतरवून घेऊ. बाकीची बैठक त्या कागदावर चालवा.

आपला,
निर्यातीची कागदपत्रं करणारा एक कारकून